चोर बीटीची साखळी

मृग तोंडावर आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांपुढे बियाण्यासाठी गर्दी होते. त्याच दिवसांत बिल नाही, परवाना नाही असा दुसरा व्यवहारही गावोगाव चालतो. ओळखीचा माणूस पाकीट घरी आणून देतो आणि रोख पैसे घेऊन जातो. कागदोपत्री हे बियाणे 'एचटीबीटी', तणनाशक सहन करणारी कपाशी. गावात तिला 'चोर बीटी' म्हणतात.

बोंडअळीविरोधी बीटी कपाशीला 2002 मध्ये मंजुरी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाच्या मंजुरीचा अर्ज संबंधित कंपनीने 2016 मध्ये मागे घेतला, पण तोवर बियाणे बाहेर फुटले होते. ऐन पावसात निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले की तण जळते, पऱ्हाटी उभी राहते. मागणीचे मूळ इथे आहे. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरले, तेही याच कारणासाठी.

माल गुजरात, आंध्र, तेलंगणातून येतो. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, आणि पाटणबोरीवरून थेट महामार्ग 44. बीजोत्पादक, पाकिटे भरणारा, वाहतूकदार, गावातला दलाल अशा कड्या आहेत. धाड पडते ती बहुधा शेवटच्या कडीवर.

अधिकृत पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत आणि कमाल किंमत असते; 2025 च्या हंगामात बीजी-2 या मंजूर बीटी कपाशीसाठी ती 901 रुपये होती. चोर पाकिटावरचा मजकूर कुणीही छापावा. खरे-खोटे ठरते पानावर. कोवळे पान द्रावणात चुरगळून चाचणीची पट्टी बुडवायची. काही मिनिटांत रेघ उमटली तर तणनाशक सहन करण्याचे जनुक आहे. शेतकऱ्याकडे ही पट्टी नसते. त्याची चाचणी म्हणजे फवारणी. बियाणे बनावट निघाले तर तणाबरोबर पऱ्हाटीही करपते, आणि बिल नसल्याने तक्रार निवारण समितीपुढे मांडायला हातात पुरावा नसतो.

जगाने हे पाहिले आहे. अर्जेंटिनातून चोरून आलेले सोयाबीन ब्राझीलमध्ये 'माराडोना' नावाने पसरले; अखेर 2005 च्या कायद्याने तिथे जनुकबदल पिकांसाठी रीतसर चौकट आली. युरोपात बनावट कीटकनाशकांविरुद्ध 2015 पासून युरोपोलच्या समन्वयाने 'सिल्व्हर अॅक्स' मोहीम चालते. तिच्यात बंदरे आणि सीमानाके तपासले जातात, म्हणजे माल शेतात पोचण्याआधीच अडवला जातो.

2017 मध्ये कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतीतल्या विषाच्या बाजारावर ढिली देखरेख माणसाच्या जिवावर बेतते, हे यवतमाळने तेव्हाच भोगले आहे. म्हणून सरकारने दोन कामे करावीत. तपास गावातल्या पाकिटावर न थांबवता पैशाच्या मागाने बीजोत्पादकापर्यंत न्यावा. आणि एचटीबीटी वाणाबद्दल शास्त्रीय तपासणी करून होय किंवा नाही असा निर्णय द्यावा. तो लांबतो तोवर साखळीचा धंदा चालू राहतो, आणि नुकसान मात्र शेतकऱ्याच्या पदरी पडते.