गोल्फचा ओनामा

वयाच्या बासष्टाव्या वर्षीं आम्ही गोल्फचा क्लब, म्हणजे खेळण्याची काठी, प्रथम हातीं धरली, तेव्हां घरांतील मंडळींस हंसूं आवरेना. हा साहेबांचा व पैसेवाल्यांचा खेळ, असा आपल्याकडे समज आहे, आणि तो अगदींच खोटा नव्हे. तथापि कोलकात्यास १८२९ सालापासून हा खेळ चालू आहे. तेव्हां आतां त्यास परका कां म्हणावें? शिवाय कच्च्या खेळाडूस यांत कांहीं फटक्यांची सूट मिळत असल्यामुळें आजोबा व नातू बरोबरीनें खेळूं शकतात. असे खेळ थोडेच.

बहुतेक नवशिके आरंभींच लांब फटका मारूं पाहतात. ही बाराखडीपूर्वीं काव्य रचण्याची घाई होय. अठरा होलांच्या मैदानास बहुधा ७२ फटक्यांचें माप असतें. त्यांपैकीं प्रत्येक होलास दोन, असे ३६ फटके होलाजवळच्या हिरवळीवर चेंडू हळूच ढकलण्यासाठींच धरलेले असतात. अर्धी विद्या येथेंच आहे! होलाचा व्यास सवाचार इंच. प्रथम दोन हातांवरून, मग चार हातांवरून त्यांत चेंडू घालण्याचा अभ्यास करावा. घरीं सतरंजीवर वाटी आडवी ठेवूनही तो होतो.

पुढें मोठा फटका शिकतांना दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. क्लब खडूप्रमाणें धरावा. फार दाबल्यास खडू तुटतो, आणि येथें फटका बिघडतो. दुसरें, चेंडू वर उचलण्याची खटपट करूं नये. क्लबच्या तोंडास ढाळ दिलेला असतो. उचलण्याचें काम त्याचें. आपण दृष्टि चेंडूवर ठेवावी. चेंडू कोठें गेला हें पाहण्याच्या उतावळीनें मान आधीं वर झाली, कीं फटका फसलाच.

पिशवींत अधिकांत अधिक १४ क्लब ठेवतां येतात, म्हणून चौदाही विकत घेऊं नयेत. आरंभीं चारपांच पुरतात. तेही उसने मिळाल्यास उत्तम. वांचलेला पैसा चांगल्या शिक्षकास द्यावा.

या खेळांत प्रत्येकामागें पंच नसतो. आपले फटके आपणच मोजावयाचे. १९२५ सालीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्यापूर्वीं किंचित् हालला. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें, तरी त्यांनीं स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटीं बरोबरी झाली, आणि फेरसामन्यांत ते हरले.

आमची गोष्ट मात्र लाजिरवाणी आहे. एके सकाळीं नातवाबरोबर खेळतांना आमचा क्लब चेंडूस न शिवतां हवेंतूनच फिरला. चेंडू मारण्याच्या हेतूनें क्लब फिरविला, कीं चेंडू हालो वा न हालो, तो फटकाच, असा नियम आहे. आम्ही तो मोजला नाहीं. आठांचे सात सांगितले. बारा वर्षांच्या त्या पोरानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि मुकाट्यानें सात लिहिले. कॉपी करणाऱ्या मुलांस आम्ही जन्मभर बाकावर उभें केलें होतें! चार पावलें गेल्यावर आमच्यानें राहवेना. आम्ही सातांचे आठ करावयास सांगितले. त्यानें ते केले. आणि मग खालीं मान घालून स्वतःच्या पांचांचेही सहा केले.

त्या दिवशीं आम्ही दोघेही हा खेळ शिकूं लागलों.