दिवस नको, पानं मोजा : टिश्यू कल्चर केळीचं हार्डनिंग

(पॉडकास्टच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी आहे तसंच.)

हेडफोन लावलेत ना? मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की लॅबमधली रोपं शेतात आल्यावर मरतात का? तर आज तेच. मी शेतकरी नाही, दिवसभर कोड लिहितो. पण माझ्या मामांची यावल तालुक्यात केळी आहे आणि गेल्या वर्षी या एका प्रश्नाने त्यांचे चांगलेच पैसे घालवले.

झालं असं. मामांनी मृग बागेसाठी एक एकर ठरवलं होतं. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण १,७४० रोपं. बुकिंगला उशीर झाला होता. मे संपताना नर्सरीतून फोन आला, 'रोपं तयार आहेत, घेऊन जा.' मामांनी टेम्पो पाठवला, रोपं आली, दोन दिवसांत लावून टाकली. चौथ्या दिवशी पानं आधी पांढरट पडली, मग कागदासारखी तपकिरी. ४८० रोपं गेली. मी फोन केला तर मामा एवढंच म्हणाले, "दिसायला तर हिरवीगार होती रे."

त्या हिरवेपणानेच फसवलं. कसं, ते सांगतो.

आपण खातो त्या केळीत बी नसतं. ग्रँड नैन, ज्याला सगळे जी-नाईन म्हणतात, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. म्हणजे केळीची बाग ही कायमच क्लोनची बाग. पूर्वी कंद लावायचे, अजूनही काही जण लावतात. टिश्यू कल्चरमध्ये त्याच कंदाच्या टोकाचा छोटा तुकडा घेऊन बाटलीत वाढवतात, एकाची अनेक रोपं करतात. बाटलीतल्या जेलीसारख्या माध्यमात क्षार, हार्मोन आणि साखर असते. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माध्यम मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तयार केलं, तेही केळीसाठी नाही, तंबाखूसाठी.

आता या बाटलीत रोपाची काय ऐश असते बघा. तापमान २५ अंशांच्या आसपास. हवा पूर्ण दमट. उजेड दोन-तीन हजार लक्स. जेवण म्हणून तयार साखर. आणि बाहेर? भर दुपारी लाखभर लक्स, जळगावच्या मेमध्ये ४३-४४ अंश, वर कोरडा वारा. आमच्याकडे म्हणतात ना, 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय'? अगदी तोच प्रकार.

पण 'नाजूक असतं' म्हणून सोडून दिलं तर काय करायचं ते कळत नाही. नक्की काय नाजूक असतं?

एक म्हणजे पानावरचं मेण. बाहेर वाढलेल्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. बाटलीत पाणी उडून जायची भीतीच नाही, म्हणून हा थर नीट तयारच होत नाही. दुसरं, पर्णरंध्रं. पानावरची ही बारीक छिद्रं पाणी कमी पडलं की मिटायला हवीत. बाटलीतल्या पानाला मिटायची कधी वेळच आलेली नसते, त्यामुळे बाहेर काढल्यावरही ती बराच वेळ उघडीच राहतात. थोडक्यात, टाकीला झाकण नाही आणि नळही बंद होत नाही. तिसरं, मुळं. जेलीत फुटलेल्या मुळांवर केसमुळं फार कमी असतात, त्यामुळे खालून पाणी ओढायची ताकद नाही. वरून गळती, खालून भरती नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला वाटायचं हार्डनिंग म्हणजे रोपाला हळूहळू 'सवय लावणं', जसं आपण थंड पाण्याने आंघोळीची सवय लावतो. थोडी सवय लागते, नाही असं नाही. पण बाटलीत तयार झालेलं पान नंतर बहुतेक सुधारत नाही. त्याची रचना ठरून गेलेली असते. ते पान काही दिवस साठवणीतलं अन्न पुरवतं आणि जातं. खऱ्या अर्थाने बाहेरचं पान म्हणजे बाहेर आल्यावर जे *नवीन* फुटतं ते. म्हणजे हार्डनिंग हे जुनी पानं दुरुस्त करणं कमी आणि नवीन पानं येईपर्यंत रोप जिवंत ठेवणं जास्त आहे.

हे एकदा कळलं की दोन टप्पे का असतात ते आपोआप समजतं. पहिला टप्पा पॉलीहाऊसमध्ये. जेली धुऊन रोप कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावतात, धुकं मारून हवा दमट ठेवतात आणि दमटपणा हळूहळू कमी करतात. इथे फुटलेली पानं कमी दमट हवेत टिकतात, पण ती सावलीतली असतात, पातळ. ती सरळ उन्हात नेली तर दुसरीच भानगड. पान जेवढा प्रकाश वापरू शकतं त्याच्या कितीतरी पट अंगावर येतो आणि हरितद्रव्यच जळतं. मामांची पानं पांढरी पडली ती अशी. म्हणून दुसरा टप्पा शेडनेटखाली, पिशवीत, निम्म्या उन्हात. तिथे पुन्हा नवीन पानं येतात, ती जाड असतात आणि मग ती शेतात टिकतात. प्रत्येक टप्प्याला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. मामांची रोपं पॉलीहाऊसमधून निघून जेमतेम दोन आठवडे झाले होते. हे आम्हाला नंतर कळलं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

आता आठवड्यांच्या हिशेबातली गंमत. उबदार दिवसांत केळीला साधारण आठवडा ते दहा दिवसांत एक पान येतं. थंडीत हा वेग खूप पडतो. म्हणजे 'पंचेचाळीस दिवस ठेवलंय' याचा जुलैमधला अर्थ वेगळा आणि डिसेंबरमधला वेगळा. म्हणून दिवस नको, पानं मोजा. शेडनेटखाली रोप आलं त्या दिवशी सगळ्यात नवीन उघडलेल्या पानावर परमनंट मार्करने एक टिंब काढा. त्याच्या पुढची किमान तीन-चार पानं शेडनेटखालीच उघडलेली हवीत. लावायच्या वेळी रोप साधारण फूटभर उंच, ५-६ चांगली पानं, बुंधा लुकडा नको. एखादी पिशवी फाडून बघायला लाजू नका, मुळं पांढरी आणि मातीला धरून दिसली पाहिजेत.

रोपं घरी आल्यावरही आठ दिवस थांबवा. शेडनेट दुहेरी असेल तर आधी एक थर काढा, मग दुसरा. नेट नसेल तर झाडाच्या पूर्व बाजूला ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर सावली. पश्चिमेला ठेवलं तर नेमकं उलटं होईल. या काळात युरिया मारून रोप फुगवायचा मोह टाळा, त्याने वाढ लुसलुशीत होते आणि तीच आधी जळते. लागवड संध्याकाळी, आधी ड्रिप चालवून जमीन ओली करून, पिशवीतली माती न फोडता. वर क्रॉप कव्हर घातलं तर उन्हापासून आणि वाऱ्यापासून आडोसा मिळतोच, शिवाय मावाही लांब राहतो. हरण्या रोगाचा व्हायरस हाच मावा पसरवतो, त्यामुळे हा खर्च मला तरी पटतो.

एका श्रोत्याने विचारलंय, दुपारी पानं खाली मिटतात, म्हणजे रोप गेलं का? नाही. केळीचं पान मधल्या शिरेवर घडी घालून ऊन चुकवतं, मोठ्या झाडाचंही घालतं. घाबरून लगेच पाणी ओतू नका, गार मातीत सतत पाणी साचलं तर मुळं कुजतात. सकाळी साडेसहाला जाऊन बघा. तेव्हाही पान मिटलेलंच असेल तर मात्र खरी अडचण आहे.

आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांनो, नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेला कुठलाही वेल किंवा घरात पाण्यात मुळं फुटवलेली फांदी, हिशेब हाच. नवीन दोन-तीन पानं येईपर्यंत थेट दुपारचं ऊन नको.

मामांनी नंतर नांग्या भरल्या. पण ४८० रोपं महिनाभर मागे पडली. त्यामुळे घड एकदम तयार झाले नाहीत, व्यापाऱ्याला कटिंगसाठी परत परत यावं लागलं आणि उशिराच्या मालाला त्याने भाव पाडला. रोपांच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठं निघालं, आणि ते कुठल्याही बिलात दिसत नाही.

या वर्षी मामांनी रोपं लवकर बुक केली आणि नर्सरीला दोनच प्रश्न विचारले : पॉलीहाऊसमधून कधी काढली, आणि नेटखाली किती पानं आली? रोपं सध्या त्यांच्या विहिरीजवळ जाळीखाली आहेत, प्रत्येक ओळीतल्या पाच रोपांवर मार्करचं टिंब आहे. काल व्हॉट्सॲपवर फोटो आला. टिंबाच्या वर दोन पानं उघडलेली, तिसऱ्याचा पोंगा अजून गुंडाळलेला. खाली मेसेज : "आभाळ आलंय, शेजाऱ्याने लावून टाकली. आपण थांबायचं ना?"

मी म्हटलं, थांबू या मामा, तिसरं उघडू दे.