कूटसूचनेची उकल

शब्दकोडे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. आपल्या वृत्तपत्रांतील कोड्यांच्या सूचना बहुधा सरळ असतात. अर्थ दिलेला असतो, शब्द आठवायचा असतो. इंग्रजीत मात्र या खेळाची एक निराळीच शाखा वाढली. तिच्यातील सूचना वाचणाऱ्याला मुद्दाम चकवते आणि तरीही खोटे बोलत नाही. हे कसे साधते, एवढाच आपला आजचा विषय.

आधी थोडा इतिहास. पहिले शब्दकोडे म्हणून जे मानले जाते ते आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात दिले. त्याला चकव्याचे वळण लागले ते इंग्लंडात. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅदर्स हे ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी घालू लागले. टॉर्केमाडा हा स्पेनमधील कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीश. तेव्हा नावातच छळाची हमी होती! बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे इंग्रजी रूपांतर १९१९ साली प्रसिद्ध करणारे मॅदर्स ते हेच. १९३९ मध्ये ते वारल्यावर ही गादी डेरिक मॅकनट या ग्रीक-लॅटिनच्या शिक्षकाकडे आली आणि १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या खेळाची शिस्त मांडली.

ती शिस्त अशी. सूचनेच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असावा, उरलेल्या भागात ते उत्तर घडवण्याची कृती असावी आणि फुकटचा शब्द एकही नसावा. इंग्रजी उदाहरणे भाषांतरात मरतात. म्हणून पुढील सूचना मराठीतच रचल्या आहेत. कंसात अक्षरसंख्या आहे.

‘पाण्यापुढे षड्ज लागला की मैफल (३).’ पाणी म्हणजे जल, षड्ज म्हणजे सा. दोन्ही जोडा, जलसा होतो. मैफल हा त्याचा सरळ अर्थ.

‘विस्कटलेले कमल म्हणजे लेखणी (३).’ कमल या अक्षरांची जागा बदला, कलम हाती येते.

‘नवरा जागा, आत लपला भूपती (२).’ इथे कोणाच्या घरात डोकावायचे नाही. ‘नवरा जागा’ या अक्षरांत पाहायचे. मधोमध राजा उभा आहे.

‘नदी उलटली, झाली बिचारी (२).’ उत्तर दीन.

‘सरकारला द्यावा तो हात (२).’ इथे कृतीच्या जागी दुसरा अर्थ आहे. सरकारला द्यावा तो कर आणि हात तोही कर. हा तर आपला घरचा श्लेष!

यावरून युक्ती ध्यानात येईल. आधी वाक्याचे चित्र मोडावे. कमळाच्या पाकळ्या आणि नदीचा पूर डोळ्यांसमोर आणू नये. एकेक शब्द सुटा करून ‘तू इथे कशाला आलास?’ असे त्याला विचारावे. विस्कटणे, उलटणे, लपणे असले शब्द दिसले की कृती तिथेच समजावी.

इंग्रजीत उलथापालथ सुट्या वर्णांची होते. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ हे शब्द कानाला किती वेगळे! पण लिहिताना दोहोंत तेच सहा वर्ण येतात. आपल्याकडे ‘क’ आणि ‘का’ यांची घरे निराळी, त्यामुळे तेवढा वाव नाही. पण मूळ प्रवृत्ती आपल्याला परकी नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, ज्या श्लोकाचे उत्तर त्याच श्लोकात दडलेले असते त्याला अंतर्लापिका हे नावही आपल्याकडे आहे.

आता मुख्य मुद्दा. कूटसूचना कठीण वाटते, पण वस्तुतः तीच अधिक प्रामाणिक असते. ‘लेखणी’ एवढेच म्हटले तर कलम की आणखी काही, ही शंका उरते. कूटसूचना दोन साक्षीदार उभे करते, एक अर्थाचा आणि एक अक्षरांचा. दोघांची साक्ष जुळली की उत्तर पडताळण्यासाठी उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच उत्तर सुचले पण कृती उलगडली नाही, तर सूचना सुटली असे म्हणू नये.

या सवयीची किंमत युद्धकाळी इंग्लंडला कळली. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. तिच्यात भाग घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्क येथे, शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणाऱ्या केंद्रात, बोलावून घेण्यात आले. आपल्यावर तसा प्रसंग न येवो. पण वाक्य गुळगुळीत आहे एवढ्यावरून ते खरे न मानता त्यातला प्रत्येक शब्द तपासण्याची सवय, जाहिरात वाचताना आणि निवडणुकीतले भाषण ऐकताना, आपल्यालाही उपयोगी पडेल.