बरणीतली चिठ्ठी आणि काकूंचा चान्स

परवा लंच अवरला ऑफिसातला एक मित्र मोबाईलला चिकटून बसला होता. मॅच नव्हती, शेअर बाजारही नाही. साहेब मूळचे सिद्धेश्वरचे. म्हणजे हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. तिकडे तालुक्याला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत चालू होती. गाव महिलांसाठी सुटलं तर याच्या काकू उभ्या राहणार!

म्हाडाची लॉटरी आपल्याला पाठ असते. ही तिची गावाकडची बहीण. गावांच्या चिठ्ठ्या बरणीत टाकायच्या आणि बहुतेक वेळा एखाद्या शाळकरी पोराने एकेक उचलायची. राज्यात 2011 पासून 50 टक्के सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत.

हिशेबाला सोपं म्हणून समजा, बरणीत खुल्या प्रवर्गातली 10 गावं आहेत आणि महिलांसाठी 5 चिठ्ठ्या काढायच्या आहेत. काकूंचा चान्स सरळ 50 टक्के. काढलेली चिठ्ठी दरवेळी परत बरणीत टाकली असती, तर तोच चान्स 41 टक्क्यांवर आला असता, कारण एकच गाव दोनदा निघू शकलं असतं. इथे चिठ्ठी बाहेरच राहते, ही सगळी गंमत त्याची.

पहिली चिठ्ठी दुसऱ्याच गावाची निघाली की मित्र खूश: "आता नऊच उरली, चान्स वाढला!" अर्धंच खरं, बॉस. पुढच्या चिठ्ठीचा चान्स दहात एकवरून नवात एक झाला. पण संधीही चारच उरल्या. एकूण चान्स 50 वरून 44 टक्क्यांवर घसरला. चार चिठ्ठ्या हुकल्या तर सहात एक, म्हणजे जेमतेम 17 टक्के.

मग पहिली चिठ्ठी लकी का? अजिबात नाही. सोडत सुरू होण्याआधी कुठल्याही नंबरावर आपलं गाव निघण्याचा चान्स सारखाच, 10 टक्के.

एक लक्षात ठेवा. आरक्षण आळीपाळीने फिरतं, त्यामुळे बरणीत कोणती गावं आहेत हे आधी बघा, मग आकडेमोड करा.

आणि चिठ्ठी नाहीच निघाली तर? मित्राने घाबरत घाबरत फोन लावला. काकू म्हणाल्या, "चिठ्ठीचं काय घेऊन बसलास बाबा? खुल्या जागेवर बाईला बंदी हाय का? फॉर्म तर मी भरणारच."

हा चान्स मात्र कुठल्याच बरणीत नव्हता.