घरचें इंटरनेट गोठ्यापर्यंत कसें न्यावें

अलीकडे खेडोपाडीं इंटरनेटची जोडणी येऊं लागली आहे, व तिचा उपयोग केवळ करमणुकीपुरता राहिलेला नाहीं. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. २०२१ पासून पीकपाहणीची नोंद खातेदारास स्वतः मोबाईलवर करतां येते. (ज्यांनीं चावडीवर हेलपाटे घातले आहेत, त्यांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको.) परंतु शंभर पावलांवरील गोठ्यांत, जेथें गाभण म्हैस रात्रीं विण्याच्या बेतांत असते, तेथें घरांतील वाय-फाय पोंचत नाहीं व कॅमेरा निरुपयोगी होतो. दगडी भिंत व पत्र्याचें छप्पर ह्यांपुढें बिनतारी लहरींचा जोर चालत नाहीं. अशा ठिकाणीं तार नेणें हाच खात्रीचा उपाय होय.

प्रथम अंतर मोजावें. 'कॅट सहा' नांवाच्या तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणजे सुमारें ३२८ फूट आहे. मोजणीच्या जुन्या ३३ फुटी साखळीनें दहा साखळ्यांस दोन फूट कमी. हें अंतर नजरेच्या सरळ रेषेचें नव्हे, तर तारेच्या प्रत्यक्ष वाटेचें धरावें. स्वस्त तारेंत पुष्कळदां तांब्याचा नुसता मुलामा दिलेलें ॲल्युमिनियम असतें, तें टाळावें.

तथापि दोन निरनिराळ्या इमारतींमध्यें तांब्याची तार शक्यतों नेऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वळवाच्या पावसांत जवळपास वीज पडली, तरी तिचा धक्का अशा तारेंतून घरांत शिरतो. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराचा राऊटर, कॅमेरा व दूरदर्शन संच हीं एकाच गडगडाटांत जळालीं. वीज पडली ती शेजारच्या ताडावर.

ह्याकरितां कांचतंतूची, म्हणजे फायबरची तार घ्यावी. तींतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. अंतराची मर्यादाही मैलांनीं वाढते. मात्र पोलादी कवच किंवा आधाराची तार असलेली फायबर घेऊं नये. ती धातूमुळें विजेस पुन्हां वाट करून देते. दोन्ही टोकांस प्रकाशाचें विजेंत व विजेचें प्रकाशांत रूपांतर करणारी एकेक लहान पेटी, मीडिया कन्व्हर्टर, लागते. त्या पेट्या जोडीच्याच घ्याव्या. गोठ्याकडील पेटीस वीजपुरवठा लागतो, हें विसरूं नये.

तार बांधाच्या कडेनें, नांगराचा फाळ पोंचणार नाहीं अशा खोलीवर, दीड-दोन फूट चर खणून नळींतून न्यावी. उंदीर-घुशी नळीच्या तोंडांतून शिरतात, म्हणून तोंडें बंद करावीं. वळण काटकोनांत मोडूं नये, कांच तुटते. नळींत एक जादा सुतळी ओवून ठेवावी, म्हणजे पुढें दुसरी तार ओढतां येते. मोटारीच्या विजेची केबल त्याच नळींत कधींही घालूं नये. चर बुजविण्यापूर्वीं विहीर, गोठ्याचा कोपरा अशा कायमच्या खुणांपासून मापें घेऊन वाटेचा कच्चा नकाशा काढावा व तो सातबाऱ्याच्या दप्तरांत ठेवावा; जेसीबीवाल्यास तोच दाखवावयाचा आहे.

गोठ्यांतील दुसऱ्या राऊटरास 'ॲक्सेस पॉईंट' म्हणून चालवावें व त्याचें पत्ते वाटण्याचें काम बंद करावें, नाहींतर दोन राऊटरांत गोंधळ होऊन कॅमेरा मधूनमधून बंद पडतो.