नाव जिथं उजेड अडवतं

सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ आजही आलंच. तिसरी वस्तू मात्र बदलत गेली. लाकडी ढाली होत्या, पितळी कप होते, चौकटीत बसवलेलं मानपत्र होतं. आता बहुतेक वेळा हातात येतो तो एक जाड, नितळ, कडांना चमकणारा फलक. निवेदक त्याला सन्मानचिन्ह म्हणतात, ऑर्डर देणारे मोमेंटो म्हणतात, मुलं सरळ ट्रॉफी म्हणतात. काच समजून आपण तो दोन्ही हातांनी जपून घेतो आणि तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो. २० सेंटिमीटर उंच, १५ रुंद आणि २ जाड असा फलक काचेचा केला तर दीड किलो भरेल. ॲक्रिलिकचा ७०० ग्रॅमच्या जरासा वर जातो.

या हलकेपणामुळे ‘प्लास्टिकच ते’ म्हणून त्याला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. चांगल्या ॲक्रिलिकमधून दिसणाऱ्या प्रकाशातला ९२ टक्के पार जातो. उरलेला ८ टक्केही आत जिरत नाही, तो पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेला असतो. खिडकीच्या जाड काचेची कड हिरवट दिसते. ॲक्रिलिकची कड तशी दिसत नाही.

या पदार्थाचं रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. जर्मनीत ओटो ऱ्योम यांच्या कंपनीनं तो १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ या नावानं आणला, इंग्लंडमध्ये त्याचं ‘पर्स्पेक्स’ झालं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरची पारदर्शक छत्री याचीच असायची. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तिचे कण घुसले, पण डोळ्यांनी ते फारशी कुरकुर न करता सामावून घेतले. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांनी ते हेरलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलात याच पदार्थाचं कृत्रिम भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. मोतीबिंदूनंतर भिंग घालण्याची सुरुवात तिथून झाली. आजोबांच्या डोळ्यात आणि नातीच्या बक्षिसात एकाच कुळातला पदार्थ असू शकतो, हे कळल्यापासून मी ट्रॉफीकडं अधिक आदरानं पाहतो.

ट्रॉफीसाठी शीट घेताना जाणता कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो जाडीचा नव्हे, ‘कास्ट आहे की एक्स्ट्रूडेड?’ हा. एक्स्ट्रूडेड शीट यंत्रातून दाबून, लाटून सलग बाहेर येते. कास्ट शीट ओतलेली असते. काचेच्या दोन मोठ्या तावदानांमध्ये कडेनं लवचीक पट्टी लावून पोकळी करायची, तिच्यात पाकासारखं घट्टसर द्रव ओतायचं आणि ते कोमट पाण्यात किंवा भट्टीत सावकाश आळू द्यायचं. आळताना त्याचं आकारमान सुमारे एक पंचमांशानं घटतं. म्हणून ती कडेची पट्टी दबणारी लागते. आतला माल आकसत जातो तशी तावदानंही एकमेकांकडं सरकतात. या क्रियेत माल स्वतःच तापतो. घाई केली तर आतलं द्रव उकळतं आणि बुडबुडे कायमचे अडकतात. शीट जितकी जाड, तितका धीर अधिक. शेवटी तापमान १०० अंशांच्या वर नेऊन उरलेसुरले रेणू जोडून घेतले जातात. ट्रॉफीच्या पोटात एकही बुडबुडा दिसत नाही तेव्हा त्यामागं कुणीतरी दाखवलेला हा धीर असतो.

कापणं हे त्या मानानं सरळ काम. पातळ शीट लेझरवर कापली की कड आपोआप चकचकीत येते, कारण किरण जाता जाता ती वितळवून गुळगुळीत करतो. जाड ठोकळ्याला मात्र किरण आत जाता जाता पसरतो आणि कड तिरकी होते. मग तो करवतीवर किंवा राउटरवर कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा आणि बफवर धरायचा. काही ठिकाणी कडेवरून हायड्रोजनची बारीक ज्योत फिरवतात. ती एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली तर फोड आलाच.

खाली काळा तळ जोडायला पुष्कळ कारागीर नेहमीचा गोंद न वापरता क्लोरोफॉर्म सुईनं सांध्याच्या कडेला सोडतात. तो फटीत आपण होऊन ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो आणि उडून जातो. सांधा राहतो तो ॲक्रिलिकचाच. या वेळी खोलीत हवा खेळती हवी. वास गोडसर असला तरी तो छातीत भरून घेण्यासारखा नाही.

आणि मग नाव.

कोरण्याच्या यंत्रात काचेची एक लांब नळी असते, भोवती पाणी खेळवून थंड ठेवलेली. आत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम. यंत्र चालू झालं की नळीत गुलाबी-जांभळी आभा दिसते, पण काम करणारा किरण डोळ्याला दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, दृश्य प्रकाशाच्या फार पलीकडची. नेम धरायला म्हणून लाल ठिपका वेगळा लावलेला असतो. हा लेझर शोधणारे कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८ सालचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि पुढं अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढं ठेवला. नायट्रोजनच्या रेणूंनी ऊर्जा साठवायची आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या हाती द्यायची, ही त्यातली किमया. गावोगावच्या लेझर कटिंगच्या दुकानांत आज जी नळी उजळते तिच्या मुळाशी बारामतीत जन्मलेला माणूस आहे, हे आपल्या शाळांत सांगितलं जायला हवं.

खरी गंमत पुढं आहे. आपल्या डोळ्याला जे इतकं नितळ, तेच या किरणाला काळ्या भिंतीसारखं. १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश ॲक्रिलिकच्या अगदी वरच्या थरातच शोषला जातो. तो थर क्षणात तापून वाफ होतो. डोकं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं धावतं, केसाएवढ्या अंतरानं पुढं सरकतं, आणि रेघ रेघ करत नाव उमटतं. कास्ट शीटवर त्या जागी बारीक दाणेदार, दहिवरासारखा पांढरेपणा येतो. एक्स्ट्रूडेडवर माल वितळून पसरतो, अक्षर काचेसारखंच राहतं आणि वाचायला फलक तिरका धरावा लागतो. कारागिराचा तो पहिला प्रश्न यासाठी होता.

म्हणजे नावाला रंग नसतो. शाई नाही, मुलामा नाही. फलकात शिरलेला उजेड ४२ अंशांहून अधिक कलानं पृष्ठभागावर आपटला तर बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत परावर्तित होत कडेपर्यंत जातो. कडा चमकतात त्या त्यामुळं. कोरलेल्या जागी मात्र त्याची वाट मोडते, तो विखुरतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. तळात छोटे एलइडी बसवले की अख्खा फलक अंधारात राहतो आणि नाव तेवढं पेटतं.

चांगल्या ट्रॉफीवर नाव पाठीमागून, उलटं कोरलेलं असतं. पुढून बोट फिरवलं तर काही लागत नाही. अक्षरं आत तरंगल्यासारखी दिसतात. देवनागरीत हे काम जोखमीचं आहे. उलट्या शिरोरेषेखाली ‘जिवनगौरव’ लिहिलंय की ‘जीवनगौरव’, ‘द्वितिय’ की ‘द्वितीय’, हे पडद्यावर चटकन लक्षात येत नाही. त्यात मजकूर येतो व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, दुकानातली फाइल असते जुन्या फॉन्टची. बदलताना पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, ‘ऱ्या’तला अर्धा र हरवतो. म्हणून मजकूर सुलटा असतानाच वाचून घ्यायचा, ज्यांचा सत्कार आहे त्यांच्याकडून आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्यायचा, मग अक्षरांचं रूपांतर नुसत्या रेषांत करायचं आणि सर्वांत शेवटी उलटवायचं. धुळीचा एक कण किंवा एक ओरखडाही नडतो: तो नेमका शिरोरेषेच्या वर पडला तर नावाला नसलेला अनुस्वार चढतो. इतर कुठल्याही मजकुराच्या मुद्रितशोधनापेक्षा मला हे मुद्रितशोधन मोठं वाटतं, कारण हा एकच शब्द त्या माणसाच्या घरी पुढची कित्येक वर्षं उभा राहणार असतो.

कोरून झाल्यावर मोह होतो तो स्पिरिटनं झटकन पुसण्याचा. तो आवरायचा. कापताना आणि कोरताना तापलेल्या जागी मालात ताण साठलेला असतो. त्यावर स्पिरिट, थिनर किंवा काच पुसायचं द्रव लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमलतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. नीट काम करणारे तुकडा भट्टीत ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, सावकाश निववतात आणि मगच पुढं जातात. घरी आणल्यावरही तेच: मऊ सुती फडकं, पाणी, साबणाचा थेंब. कोरडी धूळ घासायची नाही, ॲक्रिलिकवर ओरखडा काचेपेक्षा लवकर उठतो.

इतकं करूनही नाव चुकतंच कधीतरी. कोरीव अक्षर उथळ असलं तर घासून, बफ करून घालवता येतं, पण तिथं किंचित खळगा राहतो. नितळ पदार्थात खळगा लपत नाही. तो भिंगासारखा मागचं सारं वाकडं दाखवतो. मग कारागीर त्या फलकाचा नाद सोडतो. त्यातून किल्ल्यांना अडकवायची पदकं निघतात, अक्षरं निघतात, आणि उरलेले तुकडे भंगारात जातात. हवा लागू न देता हे भंगार ४०० अंशांच्या आसपास तापवलं की त्याच्या साखळ्या सुटतात आणि वाफ थंड करून बहुतांशी तेच मूळ द्रव परत मिळतं. ते शुद्ध केलं की पुन्हा दोन तावदानांमध्ये ओतता येतं.