कोयता दोघांचा, केसपेपर एकीचा

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत एकाच व्यक्तीवर केलेला उपचार बहुधा अपुरा ठरतो. कारण परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया यांचे जिवाणू औषधाने रुग्णाच्या शरीरातून नाहीसे झाले, तरी जोडीदाराच्या शरीरात ते टिकून असल्यास संसर्ग परततो आणि या पुनःसंसर्गालाच ‘औषध लागू पडले नाही’ असे समजले जाते. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही; मात्र दुर्लक्षित संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढला, तर त्यातून वंध्यत्व येऊ शकते. म्हणूनच लक्षणे नसलेल्या जोडीदारालाही औषध दिले जाते. यालाच जोडीदार-उपचार म्हणतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात प्रयोगशाळेच्या अहवालासाठी न थांबता लक्षणांच्या समूहावरून उपचार करण्याची पद्धत रूढ असून, त्यासाठी औषधांची रंगवार किट ठरलेली आहेत. मूत्रमार्गातून पू येत असल्यास अझिथ्रोमायसिन व सेफिक्सिम असलेले राखाडी किट रुग्णाबरोबर जोडीदारालाही द्यायचे असते आणि उपचारानंतर दोघांनी सात दिवस संबंध टाळायचे असतात. अंगावरून पांढरे जाण्याचे कारण मात्र दरवेळी लैंगिक संसर्ग हेच नसते. ते बुरशीमुळेही जाते, त्यामुळे तपासणीआधीच पतीला बोलावलेच पाहिजे असे धरून चालत नाही.

ऊसतोड मजुरांत हा जोडीदार-उपचारच अडतो. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येतात. मुकादमाच्या हिशेबात पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ असतो. दवाखान्यात मात्र केसपेपर निघतो तो त्रास होणाऱ्या एकट्या बाईचा. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून पती फडातच राहतो. टोळी पुढच्या फडाकडे सरकते आणि उपचार अर्धाच राहतो.

जोडीदार दवाखान्यात येत नसेल, तर अमेरिकेत 2006 पासून काही आजारांत रुग्णाच्याच हाती जोडीदाराचे औषध देण्याची शिफारस आहे. परंतु जोडीदाराला औषधाची ॲलर्जी आहे काय, त्याला उपदंशही झाला आहे काय, हे प्रत्यक्ष विचारपूस व तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून मजुरांच्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) पोहोचणारी आरोग्यसेविका हा अधिक भरवशाचा मार्ग होय. तिने गुप्तता राखून एक गोष्ट दोघांनाही समजावणे आवश्यक असते: लक्षण आधी ज्याला दिसले, त्याच्याकडूनच संसर्ग आला असे ठरत नाही. पत्नीवर संशयाचे बोट रोखले जाण्याची भीती असेल, तर ती घरी निरोप सांगणारच नाही आणि राखाडी किट एकाच शरीरापुरते उरेल.